दादाचं तिकाटणं

दादाच्या थोरल्या मुलीला जुळं झालं त्या वर्षी, पोरं दीड महिन्याची असताना, दादा कॅमेऱ्याच्या दुकानात मधोमध उकिडवा बसून एका ट्रायपॉडचा पाय पिळून बघत होता.

“अहो काका, मोडेल तो,” दुकानदार काउंटरमागून म्हणाला.

“मोडू दे की. चौथ्या मजल्यावर मोडण्यापेक्षा इथे मोडलेला बरा.”

बहीण शेजारी उभी राहून हसली. दादा हाडाचा सुतार. वर्कशॉप बंद पडलं तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, तो धाकट्या बहिणीबरोबर कामावर जात होता. ती इमारतींचे फोटो काढायची, बाहेरून आणि आतून. गवंड्याची मुलगी, एक डोळा मिटून भिंतीकडे बघायची सवय लहानपणापासूनची. कामावरचे गवंडी तिला ओळंबा म्हणायचे, भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात तो. दादाने त्याचं ओळंबे केलं होतं.

तिच्या कामात कॅमेरा नाकासमोर सरळ हवा. केसभर वर बघायला लागला की खोलीतले खांब मागे कलंडतात, कपाटं अंगावर येतात. म्हणून तिचा जुना ट्रायपॉड चांगला दणकट होता, सात किलोचा. दादा त्याला तिकाटणं म्हणायचा आणि उजव्या खांद्यावरून वाहायचा. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला खपत नसे.

आठवड्यापूर्वी वहिनी एकटीच तिच्याकडे आली होती.

“वन्सं, मी बोलले हे ह्यांना कळू देऊ नका. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, ईसीजीची. ओझं बंद म्हणाले, साफ बंद. तर हे बाहेर येऊन मला म्हणतात, डॉक्टर तरुण आहे, शिकेल हळूहळू.”

“मग घरी बसव त्याला.”

“घरी बसवून बघितलं दोन दिवस. स्वयंपाकघराची सगळी दारं काढून परत लावली. एकही आता नीट लागत नाही.” वहिनीने डोळे पुसले. “कामावर येऊ द्या त्यांना. फक्त ओझं कमी करा. पण त्यांच्यासाठी केलंत असं वाटता कामा नये.”

म्हणून गुडघ्याचं निमित्त काढून ती दादाला घेऊन दुकानात आली होती. माझ्याने आता जड सामानाशी झटापट होत नाही, म्हणाली.

दुकानदाराने काउंटरवर एक काळा, चिमुकला ट्रायपॉड ठेवला. “कार्बनचा आहे. सगळा मिळून दीड किलो. वर कॅमेरा धरायला बॉल हेड. एक नॉब सैल करा आणि हवा तिकडे फिरवा. हल्ली सगळे हाच नेतात.”

तिने आपला कॅमेरा वर बसवला, नॉब सैल केला. कॅमेऱ्याने मान टाकली.

“बघा. डावीकडचा कल काढला, तर पुढचा बिघडला. पुढचा काढते तर डावा परत हजर. माणसांच्या फोटोला चालेल. खोलीला नाही चालत.”

एकदा घाईत तिने असलंच हेड उसनं नेलं होतं. बँकेचं दालन होतं, सोळा फोटो, आणि प्रत्येकात खांब वेगळ्या बाजूला झुकलेले. आर्किटेक्टबाईंनी ते टेबलावर पसरून शांतपणे विचारलं होतं, “माझी इमारत पडली कधी?” तेव्हापासून तिने असलं हेड कामावर नेलं नव्हतं.

“गिअरवालं हेड आहे?”

दुकानदार स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून धूळ झटकत एक खोका घेऊन उतरला. या हेडला तीन चक्रं होती. एक फिरवलं की कॅमेरा त्याच बाजूला सरकायचा, तोही घड्याळाच्या काट्यासारखा. बाकी दोन बाजू जागच्या जागी. तिची बोटं चक्रांवर लगेच रुळली. मग तिने ते हातात तोललं. नुसतं हेडच दीड किलोचं. तिने हळूच दादाच्या खांद्याकडे बघितलं.

दादाचं लक्ष पायांकडे होतं. त्याने चिमुकल्या ट्रायपॉडचा मधला दांडा पूर्ण वर काढला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर समोरच्या दुकानाची पाटी मोठी करायला लावली आणि पायाला टिचकी मारली.

“एक… दोन… तीन… चार… अजून नाचतेय पाटी.” त्याने दांडा खाली केला. “एक… दोन… तीन. हं. आता तो जाडा द्या, बिनदांड्याचा.”

जाडाही कार्बनचाच होता, पण पाय मनगटाएवढे. दादाने टिचकी मारली.

“एक.” पाटी थांबली होती. तो उठून उभा राहिला. “ओळंबे, कोणता गुडघा दुखतो तुझा?”

“उजवा.”

“सकाळी डावा होता.”

दुकानदार उगाच बिलबुक चाळायला लागला.

“तुझ्या वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही,” दादा म्हणाला. “हे बघ, माझ्यासाठी तो मान टाकणारा घ्यायचा नाही. खांब कलले तर नाव तुझं जाईल. मी घरी बसेन त्यापेक्षा.”

तिने गिअरवालं हेड आपल्याकडे ओढलं.

“कोणी घरी बसत नाही,” ती म्हणाली. “जाडे पाय दोन किलोचे आहेत. ते तू घे. हेड माझ्या पिशवीत. जागेवर गेल्यावर जोडू.”

“आणि तुझा गुडघा?”

“तो दुकानात शिरताना बरा झाला.”

दादा खो खो हसला. “बांधा हो,” त्याने दुकानदाराला सांगितलं. “दोन वेगवेगळ्या खोक्यांत बांधा.”

पहिलं काम एका ग्रंथालयाच्या वाचन-दालनाचं निघालं. चौथा मजला, लिफ्ट अजून सुरू नव्हती. दादा पाय घेऊन पुढे, ती मागे, त्याच्या श्वासाकडे कान लावून. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला आणि कठड्यावरून हात फिरवू लागला. “सांधा बघ. सुताराने जेवणाच्या सुट्टीत मारलाय.” तीही थांबली. सांधा चांगला होता हे दोघांनाही दिसत होतं. मग ते वर गेले, आणि वर पोचल्यावर दादाकडे बोलण्यापुरता श्वास शिल्लक होता.

दालनात एका बाजूला झगझगीत खिडक्या, दुसऱ्या बाजूला काळोखी कपाटं. दोन्ही दिसायची तर एकाच जागेवरून कमीजास्त उजेडाचे सात फोटो घ्यायचे आणि नंतर एकावर एक बसवायचे. मध्ये कॅमेरा तसूभर हलला की सगळं फुकट. त्यात जमीन लाकडी, आणि ग्रंथपालबाईंची ये-जा सुरू.

“बाई, जरा पुतळा व्हा,” दादा दारातून म्हणाला. “तीस आकडे मोजेपर्यंत.”

“शिंक आली तर?”

“एकतिसाव्याला द्या.”

बाई खरंच पुस्तकांची चळत छातीशी धरून उभ्या राहिल्या. तिने कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणला, एक चक्र फिरवलं, मग दुसरं. पलीकडच्या दाराची चौकट पडद्यावरच्या रेघेला येऊन टेकली. कपाटं ताठ उभी राहिली. सातही फोटो झाले.

दादाने चष्मा कपाळावर चढवून पडद्यात बघितलं. बराच वेळ बघितलं.

“काटकोनात आहे,” तो म्हणाला. बावीस वर्षांत त्याने तिची एवढी स्तुती कधी केली नव्हती.

त्या पायांवर त्यांनी पुढे एकोणीस कामं केली. एकोणीसच्या एकोणीस वेळा पाय दादाने उघडले आणि दादानेच मिटले. शेवटचं काम एका शाळेच्या सभागृहाचं, आठ मार्चला. ते आटोपल्यावर त्याने पायांची रबरं फडक्याने पुसली, पाय खांद्यावर टाकले आणि कठड्याला हात न लावता तो जिना उतरला.

नऊ मार्चला, गुरुवारी दुपारी, दादा वारला.