पाळण्यातली उल्का

मंगळवारी सकाळी सहाच्या सुमारास एक हिरवट जाळ आकाशातून डोंगराच्या दिशेने गेला, तेव्हा मी गॅलरीत ज्ञानदाचे कपडे वाळत घालत होते. जेमतेम चार सेकंदांचा खेळ. मी आधी मुलीला आत ओढलं आणि मग मोबाइल काढला. हा क्रम मी नवऱ्याला, निरंजनला, नंतर तीनदा सांगितला.

सातपर्यंत बातमी आली. फ्रिजएवढा लघुग्रह वातावरणात शिरून जळून गेला. पौडच्या एसटी स्टँडवरूनही दिसला. जमिनीवर काही पोचलं असण्याची शक्यता कमी. 'कमी' म्हणजे किती, हे कोणी लिहिलं नव्हतं. ऑफिसच्या बसमध्ये मी वाचतच गेले. असे तुकडे वर्षभर येत असतात आणि बहुतेक समुद्रात पडतात, असं एका ठिकाणी होतं. आमच्या माण गावाला समुद्र नाही.

दुपारी सव्वाला रेश्माचा फोन आला. रेश्मा म्हणजे कोंडिबाआबांची सून. आबांनी शेत शेजारी फ्लॅटचे टॉवर बांधणाऱ्या टॉवरवाल्यांना विकलं, उरलेल्या जागेत भाड्याच्या खोल्यांची रांग काढली, आणि रांगेच्या टोकाला पत्र्याखाली रेश्मा पाळणाघर चालवते. आमच्या सोसायटीतली सहा मुलं तिच्याकडे असतात.

"ताई, घाबरू नका," ती म्हणाली, आणि मी खुर्चीतून उठलेच. "वरनं दगुड पडलाय. पत्रा फोडून. ज्ञानदाच्या पाळण्यात."

"आणि ज्ञानदा?"

"माझ्या मांडीवर हाय. आज झोपायचंच न्हाई म्हणत हुती."

चौदा महिन्यांत पहिल्यांदा मला तिच्या न झोपण्याचं कौतुक वाटलं.

मी पोचले तेव्हा पाळण्याची एक पट्टी मोडलेली होती आणि दुपट्यावर नारळाएवढा काळा दगड पडला होता. उल्केला मॅग्नेट चिकटतो, हे बसमध्ये वाचलेलं आठवलं. रेश्माच्या फ्रिजवरचा आंब्याच्या आकाराचा मॅग्नेट काढून दगडाला लावला. तो हलकेच धरून राहिला. सकाळचा जाळ आणि दुपारचा दगड यांत सात तास गेलेत, हे मनात आलंच नाही; मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'पाळणाघरावर उल्का पडली आहे. फोटो जोडत आहे. मुलांना उघड्यावर सोडू नका.'

आपल्याकडचा कुठलाही काळा दगड मॅग्नेटला थोडाफार धरतो, हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

संध्याकाळपर्यंत खेळायच्या जागेत हेल्मेट सक्तीचं झालं. घसरगुंडीच्या तोंडाशी हेल्मेटवाली पोरं अडकून रडू लागली. कोणीतरी घटनेचा 'रूट कॉज' मागितला. कोणीतरी विचारलं, यामुळे भागातले फ्लॅटचे दर चढतील की उतरतील? सोसायटीचे सचिव बंडोपंत यांनी स्पष्ट केलं, 'पाळणाघर आपल्या कुंपणाबाहेर असले, तरी मुले आपली असल्याने उल्का आपल्या हद्दीतली समजावी.' त्याला एकशे बारा अंगठे मिळाले.

दुसऱ्या दिवशी तलाठी गौतमी मॅडम पंचनाम्याला आल्या. छापील कागदावर वीज, गारपीट, पूर, वादळ असे रकाने होते. त्यांनी 'इतर' वर खूण करून 'उल्का' लिहिलं आणि खबर देणार म्हणून माझं नाव घातलं. तेवढ्यात टॉवरवाल्यांचा माणूस मनीष शाल आणि नारळ घेऊन हजर झाला. त्याने आबांना शाल पांघरली, नवा पत्रा स्वखर्चाने टाकून देतो म्हणाला, आणि दगड आमच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये काचेच्या पेटीत ठेवू का, असंही विचारून घेतलं.

"आकाशालासुद्धा आपला एरिया पसंत पडला, मॅडम!" तो मला म्हणाला. मीही हसले. हे मुद्दाम लिहून ठेवते.

गुरुवारी दुपारी मी घरूनच काम करत होते, म्हणून ज्ञानदाला लवकर न्यायला गेले. रेश्माने दगड धुऊन, हळदीकुंकू वाहून ताटलीत ठेवला होता. मी तो सहज उलटा केला. खालच्या बाजूला एक सरळ खाच होती. अर्धगोल, गुळगुळीत, नळीचा अर्धा भाग कापून काढावा तशी. माझं बोट तिच्यात नेमकं बसलं.

तेवढ्यात शेजारी भोंगा वाजला, मग शिट्टी, आणि मग टॉवरच्या पायाच्या खड्ड्यात सुरुंग उडाले. घड्याळात एक वाजला होता. पायाखाली हादरा बसला आणि डोक्यावरच्या पत्र्यावर खडी वाजली.

"रेश्मा, हे रोज होतं?"

"व्हय की. बारीक खडं असत्यात. पोरांस्नी सवय झालीया."

"हा दगड आकाशातला नाहीच. ही सुरुंगासाठी खडकात पाडलेल्या भोकाची खाच आहे. शेजारून उडालाय."

तिने दगड पुन्हा सुलटा केला. "ते आमाला ठावं हाय, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार हुते. तवर तुमीच उल्का म्हणलात. शिकल्याली माणसं तुमी. मला वाटलं, असंल."

आबा बाहेरच्या खुर्चीवरून म्हणाले, "शेजाऱ्याचा दगुड म्हणलं की भांडान आलं, पोरी. रस्त्याकडच्या जमिनीच्या तुकड्याचं बोलनं अजून चालू हाय त्यांच्याशी. वरचा म्हणलं की कुनाशी भांडाया नगं."

"आणि उद्या एक वाजता आणखी एक पडला तर?"

आबांनी शाल सावरली. "तर दुसरी उल्का."

ज्ञानदाला मी घरी नेलं. पण सोमवारपासून मला रोज ऑफिस होतं, दुसऱ्या पाळणाघरात जागा नव्हती, आणि उरलेली पाच मुलं त्याच पत्र्याखाली झोपणार होती. मनीषला फोन केला. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "मॅडम, पंचनामा सरकारी आहे. आम्ही सरकारपेक्षा मोठे नाही." निरंजन म्हणाला, "ग्रुपवर तूच लिहिलंस ना?" बंडोपंतांना सांगितलं, तर ते म्हणाले, हेल्मेटांची ऑर्डर गेली आहे, आता ठराव बदलता येणार नाही.

शुक्रवारी रजा टाकून गौतमी मॅडमना गाठलं. रेश्माही आली. मुलांना त्या दिवशी तिने सुट्टी दिली होती. सासऱ्यांना विचारलं नव्हतं.

"उल्का रद्द करता येईल," मॅडम म्हणाल्या, "पण तुम्ही खोटी खबर दिली असं तुम्हालाच लिहून द्यावं लागेल."

"देते. मग सुरुंग थांबतील?"

"ते वेगळं खातं. तिकडे नवा अर्ज, मग पाहणी. दोन महिने तरी धरा."

"आणि उल्का तशीच ठेवली तर?"

"मग काय, ती वर कळवायची. तपासणी होईपर्यंत आजूबाजूची जमीन कोणी हलवायची नाही, उरलेले तुकडे सापडेपर्यंत..." मॅडम बोलता बोलता थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मग रेश्माकडे. मग ड्रॉवरमधून कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

मी आयुष्यात इतकं शुद्ध सरकारी मराठी कधी लिहिलं नव्हतं. 'सदर उल्केचे आणखी तुकडे पूर्वेकडील बांधकामाच्या जागेत पडले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' खोटं काही नव्हतं त्यात. शक्यता खरंच कोणाला नाकारता येते? खाली माझी सही, शेजारी रेश्माची.

"आबा काय म्हणतील?" मी तिला बाहेर आल्यावर विचारलं.

"म्हणतील लई. म्हणू द्या. पोरं माझ्याकडं असत्यात, त्यांच्याकडं न्हाई."

सोमवारी सकाळी टॉवरवाल्यांच्या फाटकावर आदेश लागला. तुकड्यांचा शोध पूर्ण होईपर्यंत खोदकाम आणि सुरुंग बंद. मी अर्धा दिवस मागून घेतला होता. भरवसा नव्हता ना. एक वाजला, सव्वा वाजला. भोंगा नाही. सहाही मुलं झोपली होती आणि मी दारात बसून त्यांचे श्वास मोजत होते.

दीड वाजता मनीष आला. या वेळी शाल नव्हती.

"मॅडम, तो दगड उल्का नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे!"

"हळू बोला, मुलं झोपलीत. मग कसला आहे?"

त्याने पत्र्याकडे बघितलं, रेश्माकडे बघितलं. आबा खुर्चीतून कान देऊन ऐकत होते.

"आमच्या साइटवरचा," तो पुटपुटला.

"तसं लिहून द्या."

"लिहून दिलं तर आमचं काम बंद पडेल."

"आणि नाही दिलं तर?"

त्याने फाटकाकडे मान वळवली. काम बंदच होतं.

"बसा की, दादा," रेश्मा म्हणाली. "च्या टाकते."

तो बसला. कपाळ पुसलं. मग म्हणाला, "समजा, इकडे स्लॅब टाकून दिला? आणि कुंपणाला उंच जाळी?"

"आणि सुरुंग?"

"या बाजूला मशीनने दगड फोडू. पण मॅडम, फार वेळ लागतो त्याला."

"लागू दे."

मी वही आणि पेन त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने वर तारीख घातली, खाली कंपनीचं नाव घातलं, आणि मान वर केली.

"उल्केबद्दल काय लिहू?"

"ते नंतर बघू," मी म्हणाले. "आधी सुरुंगाचं लिहा."