अकरा चाळीसची नोंद

फोनवरच्या हवालदाराला सगळी तोफखाना तुकडी 'पोपट' म्हणायची, आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. आलेला निरोप मोठ्यानं परत म्हणायचा, समोरच्यानं 'बरोबर' म्हटलं की वेळ टाकून वहीत उतरवायचा, हेच त्याचं काम. अकरा वर्षं तेच. घरी बायकोनं 'मीठ संपलंय' म्हटलं तरी हा म्हणे, 'मीठ संपलंय, बरोबर?' ती बिचारी कपाळावर हात मारून घ्यायची.

आज मात्र पोपटाचं डोकं सणकलं होतं.

सकाळी नऊ दहाला टेकडीवरून छोट्या साहेबांचा फोन आला होता. छोटे साहेब म्हणजे चोवीस वर्षांचा लेफ्टनंट. सहा जवानांबरोबर पुढच्या खंदकात दुर्बीण घेऊन बसायचा, गोळे कुठे पडतात ते सांगायचा. 'पल्ला चारशे मीटरनं वाढवा,' तो म्हणाला. हवालदारानं परत म्हटलं, लिहिलं, मेजरसाहेबांना सांगितलं.

'चारशे? पोरगं टरकलंय!' मेजर हसला. दुपारी बडे जनरल येणार होते आणि त्याआधी शत्रूला पळवून दाखवायचं होतं. 'दोनशे पुरे. मला नकाशा कळतो.' हवालदारानं तोही आकडा वहीत उतरवला. तोफांना दोनशेच सांगितले गेले, आणि गोळे आखूड पडले, थेट आपल्याच खंदकावर. फोनवर 'आपलेच आहेत, थांब...' एवढंच ऐकू आलं. मग तार मुकी झाली. सातही जण गेले.

आणि आता हा मेजर नावाचा मनुष्य दार लावून, कोरं पान हातात घेऊन समोर उभा होता!

'हे पान नव्यानं लिही,' तो म्हणाला. 'टेकडीवरूनच दोनशे आले, असं. जुन्यावर चहा सांडला म्हणायचं.'

'चहा मी पीत नाही, साहेब.'

'अरे, अक्कल आहे का तुला? गेलेला माणूस परत येणार आहे का? त्याच्या वडिलांना पत्र मी स्वतः लिहितोय. पोराच्या हातून चूक झाली, विषय संपला.'

हवालदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते वडील म्हणजे याच तुकडीतले निवृत्त सुभेदार. त्यांनीच हवालदाराला या खुर्चीवर बसवलं होतं, निरोप परत म्हणायला शिकवलं होतं. एकदा त्यानं आळस केला तर कान पिळला होता. त्या म्हाताऱ्यानं आता वाचायचं, की आपल्या पोरानं चुकीचा आकडा सांगून सहा जण मारले, वर स्वतःही मेला? आणि ते खोटं कुणाच्या अक्षरात, तर या हवालदाराच्या? मेल्या, लाज कशी वाटत नाही तुला! हे शब्द ओठांपर्यंत आले होते. ते गिळून त्यानं पेन्सिल उचलली.

'परत म्हणतो, साहेब. पान बदलायचं. टेकडीवरून चारशे आले होते, त्याचे दोनशे करायचे. चूक छोट्या साहेबांची दाखवायची. बरोबर?'

'बरोबर, बरोबर. आटप लवकर!' मेजर खिडकीकडे वळून घाम पुसत म्हणाला. वीस वर्षांच्या नोकरीत हजारदा म्हटला होता तो शब्द, आपसूक निघाला.

हवालदारानं घड्याळ पाहिलं. कोऱ्या पानाला हातही लावला नाही. जुन्याच पानावर, नऊ दहाच्या दोन्ही आकड्यांखाली, त्यानं टपोऱ्या अक्षरात लिहिलं: अकरा चाळीस, मेजरसाहेबांचा हुकूम. पुढे सगळं शब्दन् शब्द.

मेजरनं वळून वाचलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आधी तो शिव्यांवर आला, मग बढतीच्या आमिषावर, मग चक्क हातापाया पडायच्या बेताला आला. 'बायकापोरं आहेत रे मला!'

'छोट्या साहेबांना आई-बाप होते,' हवालदार म्हणाला. 

बाराला फोन वाजला. रोज बाराला वही मुख्यालयाला वाचून दाखवायची असे. मेजरनं वहीवर झडप घातली. हवालदारानं ती मागे ओढली, रिसीव्हर मानेत दाबला आणि नऊ दहापासून एकेक ओळ वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आला.

'थांबा, हे असंच लिहायचं?' पलीकडच्या कारकुनानं विचारलं.

'परत म्हणा,' हवालदार खेकसला.

पलीकडच्यानं ती नोंद सावकाश, एकही शब्द न गाळता परत म्हटली. 'बरोबर?' त्यानं विचारलं.

हवालदारानं मेजरकडे पाहिलं.

'बरोबर,' तो म्हणाला.