हलक्या धक्क्याची रायफल

लीलंडच्या खांद्यावर आता मांस उरलं नव्हतं, म्हणून त्याच्या जुन्या मित्राने, आर्विडने, हा सगळा खटाटोप केला. आजार पोटातला, पण पोखरलं त्याने सगळं अंग. डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिली आणि त्याच आठवड्यात शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीत लीलंडचं नाव निघालं. चौदा वर्षं अर्ज केल्यावर जवळच्या डोंगरातला एक नर एल्क, सांबराहून थोरलं हरीण, मारायचा परवाना मिळाला होता.

"जुनी रायफल घेऊन जातो," लीलंड म्हणाला.

"तिचा धक्का तुलाच आडवा पाडेल. एल्क बघत हसत उभा राहील."

"मग घडव की काहीतरी, मास्तर. जन्मभर दुसरं केलंस काय?"

आर्विड शाळेत लेथ यंत्रावरचं काम शिकवून निवृत्त झालेला. दुकानात न मिळणारी काडतुसं घडवणं हे त्याचं वेड. कारखान्याच्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, साच्यात दाबून तिची मान बारीक करायची, मग स्वतः कोरलेल्या नळीत एकदा झाडून तिला हवा तो आकार आणायचा. उन्हाळाभर तो त्यातच बुडाला. गोळी हलकी, वेग भन्नाट, धक्का जेमतेम. दोनशे यार्डांवरच्या कागदावर पाच भोकं पडली, ती एका नाण्याखाली झाकली गेली. तो कागद त्याने लीलंडच्या स्वयंपाकघरात टाचला.

"यांना फडताळातली साखर सापडत नाही," लीलंडची बायको इमोजीन म्हणाली, "आणि हे एल्क शोधणार!"

ऑक्टोबरात दोघं डोंगरावर गेले. दर पन्नास पावलांवर लीलंड थांबायचा. सकाळी नऊच्या सुमारास झाडीतून नर बाहेर आला, अवघ्या चाळीस पावलांवर. लीलंडने त्याच्या खांद्यावर नेम धरून गोळी झाडली. जनावर गुडघ्यावर आलं, उठलं आणि उतारावरून नाहीसं झालं.

रक्ताशेजारी आर्विडला हाडाची कपची सापडली आणि गोळीवरच्या तांब्याच्या आवरणाचा कागदासारखा पातळ तुकडा. तो तिथेच उकिडवा बसला. इतक्या जवळून, त्या वेगात, गोळी हाडावरच फुटली होती. आत काही गेलं नव्हतं. त्याने सगळं कागदावर तपासलं होतं, आणि कागदाला हाडं नसतात.

दुपारपर्यंत ते रक्तामागे चालले. दगडांच्या घसरणीवर माग संपला.

"उद्या जुनी रायफल आणू," आर्विड म्हणाला. "खांद्याला उशी बांधू. हंगाम अजून दोन आठवडे आहे."

लीलंडने खिशातून परवान्याची चिठ्ठी आणि चाकू काढला. जनावर मारलं की तिच्यावरचा महिना आणि तारीख कापायची. मग ती दुसऱ्यांदा वापरता येत नाही.

"अरे, काय करतोस? मिळालं कुठे जनावर?"

"आमचे वडील जखमी करून हरवलेलंही मारलेलंच मोजायचे."

"कायद्यात नाही तसं! कोणी पाहिलेलंही नाही."

"चिठ्ठी नीट धर. तुझं बोट कापलं तर इमोजीन मला जेवायला घालणार नाही."

आर्विडने चिठ्ठी धरली. पातं ऑक्टोबरवरून फिरलं, मग तारखेवरून.

"चूक माझी आहे, लीलंड."

"चाप कोणी ओढला?" लीलंड हसला. "धक्का मात्र खरंच लागला नाही हं."

दुसऱ्या दिवसापासून आर्विड बंदूक न घेता एकटाच वर जाऊ लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी डोमकावळे घिरट्या घालताना दिसले. ओढ्याकाठी नर पडला होता. मागचा भाग कोल्ह्यांनी फाडला होता, पण मानेखाली हात घातला तर अजून ऊब होती.

खाली उतरताना त्याने खोटं बोलायचं ठरवलं. एकच वाक्य, दहादा घोकलेलं: त्याच दिवशी मेला होता.

लीलंड खिडकीपाशी पांघरूण घेऊन बसला होता. "सापडला?"

"सापडला."

"केव्हा मेला?"

आर्विडने टोपी काढली. लीलंड त्याच्याकडे बघत होता, आणि घोकलेलं वाक्य काही केल्या बाहेर येईना.

"आज पहाटे," तो म्हणाला.

लीलंडने मान वळवली. इमोजीनने दोघांपुढे कॉफी ठेवली.

"दोन रात्री," लीलंड काचेकडे बघत म्हणाला, आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.