न कापलेली प्रत

निवृत्त दंतवैद्यांनी तोंडात बघायचा छोटा आरसा पुस्तकाच्या दोन पानांमध्ये सरकवला, दुसऱ्या हाताने टॉर्च धरली आणि सवयीने म्हणाले, "आ करा."

पुस्तकाने आ केला नाही. त्याची पाने वरच्या कडेला जोडलेलीच होती. पूर्वी मोठा कागद दुमडून तसाच शिवत. कडा कापून पाने सुटी करायचे काम वाचणाऱ्याचे. हे पुस्तक छापून शंभरएक वर्षे झाली, तरी त्याला कोणी सुरी लावली नव्हती. संग्राहक अशी प्रत काचेमागे ठेवतात आणि वाचायला दुसरी घेतात.

आंबणाऱ्या द्राक्षरसात ब्रँडी ओतून वाइन गोड आणि कडक कशी करावी, यावर त्यात चारशे पाने होती. मालक होते एक निवृत्त न्यायाधीश. दोघे मित्र अठरा वर्षे याच विषयावरची जुनी पुस्तके जमवत होते. एकाला मधुमेह, दुसऱ्याला आम्लपित्त. घशाखाली दोघांनी उतरवले ते फक्त वाङ्मय. रविवारी दुपारी वाद रंगला की न्यायाधीश म्हणत, "त्या पुस्तकात वेगळं म्हटलंय." त्यावर अपील नसे. शेवटी एकदाचे त्यांनी तेच पुस्तक दंतवैद्यांना आठवडाभरासाठी दिले होते.

"मान आखडली तर मला हाक मारायची नाही," दंतवैद्यांची पत्नी म्हणाली.

"अगं, ब्रँडी नेमकी कधी ओतायची तिथेच वाक्य तुटतंय. पुढचं आत आहे, आणि आरशात अक्षरं उलटी."

"जसं काही तुम्ही उद्या ओतणारच आहात."

तिने पावाला लोणी लावायची सुरी पुसून त्यांच्यासमोर ठेवली आणि निघून गेली.

एकच पान, असे म्हणून त्यांनी सुरी उचलली. दाढ काढताना ते पेशंटलाही 'एकच मिनिट' म्हणत. शनिवारपर्यंत चारशे पाने सुटी झाली होती, वाचूनही झाली होती, आणि मग त्यांना घाम फुटला. एका पुस्तकावर चहाच्या कपाचा गोल उमटला म्हणून न्यायाधीश सख्ख्या भावाशी सहा वर्षे बोलले नव्हते. इथे तर अख्खे पुस्तक कापलेले. या वयात नवा मित्र कुठून आणायचा?

रविवारी न्यायाधीशांनी स्वतःच दार उघडले. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. 'या, बसा' न म्हणता त्यांनी पुस्तक हातात घेतले आणि कडेवरून अंगठा फिरवला. पाने फर्रकन सुटली.

दंतवैद्यांची दातखीळ बसली. ती सुटल्यावर ते एका दमात म्हणाले, "सुरी मी लावली. मोह आवरला नाही. तुमची वाचायची प्रत आहे, एवढाच आधार. अशीच कोरी कुठे मिळाली तर आणून देतो, साहेब."

"वाचायची प्रत?"

"म्हणजे, ही जपायची. वाचायची दुसरी असेल ना?"

न्यायाधीश हळूच खुर्चीत बसले. त्यांनी रुमालाने कपाळ पुसले, मग मान पुसली.

"सगळी कापलीत?"

"सगळी."

"एकही जोडलेलं नाही?"

"नाही."

"बरं झालं," न्यायाधीश म्हणाले. खिडकीबाहेर बघत त्यांनी रुमालाची घडी घातली, पुन्हा मोडली. "कसं आहे?"

"काय कसं आहे?"

"पुस्तक."

अठरा वर्षांचे निकाल दंतवैद्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेले. त्यांतले बरेचसे त्यांच्याविरुद्धच लागलेले. मग त्यांचा जीव असा काही भांड्यात पडला की त्यांनी न विचारताच खुर्ची ओढली.

"चांगलं आहे. तुम्ही सांगता तसंच."

"सगळं?"

"बहुतेक. ब्रँडी तेवढी तुम्ही जरा उशिरा ओतता."

"वय झालं, डॉक्टर. विसरायला होतं."

"होतं."

न्यायाधीशांनी पुस्तक पहिल्या पानावर उघडून दंतवैद्यांच्या मांडीवर ठेवले आणि चष्मा काढून डोळे मिटले.

"मोठ्याने वाचा," ते म्हणाले. "आणि काही गाळू नका."