दहापैकी दहा

"'मी सकाळी वेणी घालताना आरशात पाहायचं टाळते,'" दीपमाला मनवर यांनी वहीतलं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि समोर उभ्या असलेल्या ओमकडे पाहिलं. पोराच्या डोक्यावर मशीन मारलेले अर्धा इंच केस होते.

"कुठं आहे रे तुझी वेणी?"

ओमनं खरोखरच डोक्याला हात लावून पाहिला.

"मॅडम, ते लिवता लिवता राहून गेलं."

"काय राहून गेलं? कापायची?"

स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नव्हतं म्हणून बरं. नाहीतर मनवर मॅडमच्या वर्गाचं हसं साऱ्या दिग्रसमध्ये झालं असतं. आधीच हा विषय म्हणजे लोढणं. पहिल्या वर्षाला 'आरोग्य आणि मनःस्वास्थ्य' नावाचा पेपर आला, तेव्हा एकेकानं हात वर केले आणि शेवटी तो तासिका तत्त्वावर गृहअर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात पडला. आहार शिकवता ना, मग मनही शिकवा! पोरांनी पंधरा दिवस रोज एक पान लिहायचं होतं. झोप किती झाली, जेवण काय झालं, मनात काय आलं. पंधरा पानांना दहा गुण. चव्वेचाळीस वह्या आल्या आणि त्यातल्या चाळीस शब्दाला शब्द सारख्या. नकलेलाही अक्कल लागते म्हणतात. या पोट्ट्यांना तेवढीही उसनी मिळाली नव्हती.

सगळ्यांना भोपळा द्यायचा, या हिशेबानं त्या पुढची वही चाळू लागल्या. अकरावा दिवस आला. हे पान त्यांनी सकाळपासून वहीमागून वहीत पाहिलं होतं, रागाच्या भरात नुसतीच नजर फिरवली होती. आता ओम समोर मान खाली घालून उभा होता आणि खोलीत शांतता होती, म्हणून की काय, त्यांनी ते वाचलं.

'रात्रभर झोप नाही. वर्गात काही समजत नाही. मी बोलले की खोलीतल्या मुली माझ्या बोलीला हसतात. घरी सांगता येत नाही, बापू साऱ्या तांड्याला माझं कौतुक सांगत फिरतात. मी नसले तरी कोणाचं काही अडणार नाही.'

हे वाक्य काही कोणी गाइडमधून उतरवलेलं नव्हतं. चाळीस जणांनी ते पाहून लिहिलं होतं, म्हणजे कोणीतरी एकीनं ते आधी न पाहता लिहिलं होतं. आणि ती एक जण याच चव्वेचाळीसमधली असेल तर?

"ओम, हे तू कोणाचं पाहून लिहिलंस?" त्यांचा आवाज एकदम उतरला. "खरं सांग. मार्क नाही कापणार."

"राजदीपचं, मॅडम."

राजदीपला मैदानातून बोलावलं. त्यानं सुरभीचं नाव सांगितलं. सुरभी मुलींच्या वसतिगृहात राहायची, वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसायची. ती आली तशी मॅडमनी पोरांना बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि तिचा हात हातात घेतला.

"सुरभी, तुला रात्री झोप लागत नाही का गं?"

"मले?" सुरभी गोंधळली. "मले त वर्गात बी झोप येते, मॅडम."

"मग हे कोणाचं आहे?"

सुरभीनं जरा आढेवेढे घेतले आणि बॅगेतून एक वही काढली. खाकी कव्हर, कडा दुमडलेल्या.

"आमच्या रूममधे माळ्यावर होती. ते पुष्पाताई ठेवून गेलती. याच्यावर दहापैकी दहा होते ना, म्हणून साऱ्याइनं हेच घेतलं."

कव्हरवर नाव होतं, पुष्पा खेमसिंग राठोड. वर्ष मागचं. मॅडमनी पानं उलटली. मोत्यासारखं अक्षर, आणि प्रत्येक पानावर लाल शाईनं बरोबरची खूण. शेवटच्या पानावर लाल गोलात दहा, शेजारी 'सुंदर हस्ताक्षर!' आणि खाली सही. सही त्यांचीच होती.

मागच्या मार्चमध्ये एका दुपारी साठ वह्या तपासल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गुण भरायची शेवटची तारीख होती. डाव्या हातानं डबा खात खात त्यांनी उजव्या हातानं खुणा केल्या होत्या. आता त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की सुरभीच्या तोंडाकडे पाहवेना.

"ती आहे कुठं?"

"दिवाळीले गावी गेलती, ते वापसच नाई आली. तब्येत बरी नाई म्हणे. फोन बी बंद असते तिचा."

दिवाळी कधीच मागे पडली होती. होळी आठ दिवसांवर आली होती.

मॅडमनी ऑफिसातून तांड्याचं नाव घेतलं, वही पिशवीत टाकली आणि स्कूटीला किक मारली. सेल्फ स्टार्ट आहे हेही त्यांना सुचलं नाही. आर्णीच्या रस्त्यानं तासभर त्या कशा गेल्या, त्यांचं त्यांना ठाऊक. सारखं एकच डोक्यात येत होतं. आपण तिथं पोचू आणि कोणीतरी विचारेल, बाई, आत्ता आल्या? तांड्याच्या तोंडाशी एक म्हातारा बकऱ्या घेऊन उभा होता. स्कूटी थांबवून त्यांनी विचारलं,

"खेमसिंग राठोड कुठं राहतात? पुष्पाचं घर?"

आणि त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. चेहरा काही बदलला नाही.

"ते पाहा ना, निळं दार. पोरगी घरीच हाय."

त्यांनी तिथंच पदरानं तोंड पुसलं.

पुष्पाची आई सुखीबाई अंगणात तुरीच्या काड्या मोडत होती. कॉलेजच्या मॅडम म्हटल्यावर तिची नुसती धांदल उडाली. खाट टाकली, खाटेवर गोधडी टाकली, पाणी आणलं.

"पुष्पा कशी आहे?"

"पडून असते जी. अशक्तपणा आला तिले. दोन डाव सलाइन लावली, तरी उठून नाई राह्यली. तिचे बापू म्हणतात, पोरीनं अभ्यास लय केला, त्याच्यानं झालं." मग ती आत वळून ओरडली, "पुष्पा! कोण आलं पाय!" आणि चहा ठेवायला चुलीकडे गेली.

पुष्पा दारात आली. हाडांचा सापळा झाला होता पोरीचा. तिनं नमस्कार केला, आणि मॅडमच्या मांडीवरची वही पाहून जागच्या जागी थांबली.

"सुरभीजवळ होती," मॅडम म्हणाल्या.

पुष्पा उंबऱ्याला टेकून उभी राहिली. मग चुलीकडे एकदा पाहून हळूच म्हणाली,

"मॅडम, वह्या तपासून भेटल्या ना, त्याच्यानंतर चार दिवस मी स्टाफरूमपाशी येऊन उभी राहत होती. वाटे, तुमी बोलवाल. तुमी दोनदा माह्या समोरून गेल्या."

"पुष्पा..."

"अकराव्या दिवसावर बी बरोबरची खूण होती. त्याच ओळीपाशी. मंग मले समजलं. मॅडमनं वाचलं, अन् बरोबर म्हटलं."

वाचलं होतं गं, बोलावणारच होते, कामात राहून गेलं, असं सांगणं किती सोपं होतं! मॅडमच्या ओठांवर आलंही होतं. पण समोरची पोर वर्षभर त्या लाल खुणेवर विश्वास ठेवून बसली होती.

"मी वाचलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "एक ओळसुद्धा नाही. वहीचा नीटनेटकेपणा पाहिला आणि खुणा करत सुटले. आज वाचलं पहिल्यांदा. ती खूण चूक आहे, पुष्पा. साफ चूक."

पुष्पानं मान वर केली.

"नोतं वाचलं?"

"नाही."

"म्हंजे तुमाले तसं नोतं वाटत?"

"तसं वाटलं असतं तर एवढ्या उन्हात इथवर मरायला आले असते का गं मी?" बोलता बोलता मॅडमना रडू फुटलं. पोरीसमोर रडू नये म्हणून त्यांनी दात आवळले, पण ते काही थांबेना. "उद्या आपण दोघी यवतमाळला जाऊ. मनाच्या डॉक्टरकडे. मी येते बरोबर. पण आधी घरी सांगावं लागेल, पुष्पा."

"मले नाई सांगता येत."

पुष्पा उंबऱ्यावर बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तुमी वाचा," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा लावला, वही उघडली आणि वाचू लागल्या. पुष्पानं मान हलवली.

"मनात नाई. जोरानं वाचा." आणि चुलीकडे तोंड करून तिनं आईला हाक मारली. "याडी! इकडं ये. बस इथं."

सुखीबाई दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन आली. मॅडमच्या हातात पोरीची वही पाहून तिचा चेहरा कसा फुलून गेला.

"पुष्पीचं लिवलेलं हाय काय? वाचा जी, वाचा. मले वाचता नाई येत, पण आयकतो ना मी."

ती तशीच कप घेऊन खाली बसली. मॅडमनी पहिलं पान काढलं.

पुष्पानं पुढं होऊन आईच्या हातातले दोन्ही कप काढून घेतले आणि बाजूला ठेवले.