गालिच्यातला उजेड

खर्ड्याचा किल्ला जिथून बोटभर दिसतो, त्या वस्तीवर झुंबरबाईचं घर होतं. थोरला मुलगा कानिफनाथ कोयता घेऊन राहुरीकडं ऊसतोडीला गेला होता. धाकटा गहिनीनाथ लष्करात, लडाखकडं ट्रक चालवायचा. घरी उरल्या दोघीच, झुंबरबाई आणि कानिफनाथाची बायको पुष्पावती. पुष्पावतीची लेक अजून अंगावर पीत होती, म्हणून तिला यंदा फडावर नेलं नव्हतं.

साल दुष्काळाचं. बैल चारा-छावणीला बांधलेले, कणग्या रिकाम्या. विहिरीच्या तळाला बायका पाळीपाळीनं उतरायच्या आणि कपारीतून झिरपणारं पाणी वाटीनं घागरीत भरायच्या. प्यायचं भागलं तरी देव पावला म्हणायचं. धुण्याचा विचारसुद्धा कुणी करत नव्हतं.

मागल्या शिमग्याला गहिनीनाथ रजेवर आला, तेव्हा खांद्यावर एक भलं मोठं गुंडाळं घेऊन आला होता. सोडलं तर आत गालिचा. पण गालिचा म्हणजे नगरच्या दुकानात दिसतो तसला सपाट नव्हे. त्याची लोकर वीतभर लांब, दाट, हात ठेवला तर मनगटापर्यंत बुडायचा. रंग पांढुरका, मधून मातकट लाल पट्टे. तिकडच्या एका म्हातारीनं अख्खा हिवाळा बसून विणलेला, असं तो म्हणाला होता. वस्तीवरची पोरं त्याला अस्वल म्हणायची आणि दारातूनच हात लावून पळायची. गहिनीनाथ परत गेला तशी झुंबरबाईनं तो गुंडाळून, सुंभानं बांधून, माजघरात कणगीच्या मागं ठेवून दिला. असली चीज भुईवर अंथरून पाय द्यायची असते, हे तिला पटलंच नव्हतं.

थंडी पडली आणि लांडगे पाण्याच्या वासानं पार घरांपर्यंत यायला लागले. म्हणून बकरी माजघरात बांधायला सुरुवात केली. माजघराला खिडकी नाही, आत दिवसाही अंधार. बकरीनं कधी सुंभ चावून तोडला आणि कधी गालिचा कणगीमागून ओढून काढला, ते दोघींनाही कळलं नाही. ती त्याच्यावरच व्याली. पिल्लू दिसलं, पण खाली काय आहे ते कुणी बघितलं नाही. वास यायचा, तो बकरीचाच म्हणून सोडून दिला होता.

मग जामखेडच्या बाजारात एका जवानानं निरोप दिला की गहिनीनाथ येत्या पंधरवड्यात सुट्टीवर येतोय. झुंबरबाई घरी आली ती सरळ माजघरात गेली. गालिचा तिनं ओढत अंगणात आणला आणि उलगडला. लोकरीच्या जटा झाल्या होत्या. त्यांत लेंड्या, वाळलेली वार, मुताचे पिवळे डाग. वास असा की ओट्यावर निजलेली पोर शिंकायला लागली.

झुंबरबाई कडक बाई. नवरा गेला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ती बराच वेळ गालिच्याकडं बघत उभी राहिली.

"त्याला म्हनावं, इकला," ती म्हणाली. "पोटाला न्हवतं म्हनून इकला."

"इकला कशाला म्हनायचं, आत्याबाई?" पुष्पावती म्हणाली. "मी बघते काय हुतंय का."

पाण्याशिवाय ते कसं व्हायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण मन काही स्वस्थ बसू देईना. पहिल्यांदा तिनं गालिचा दोन दिवस नुसता उन्हात टाकला, उलटा. मळ खडखडीत वाळला. मग रिकाम्या बैलगाडीच्या दांडीवर घालून मागच्या बाजूनं काठीनं झोडपला. इतकी धूळ निघाली की आपली गाडी आपल्याला दिसेना. मग बसली जटा सोडवायला. एकेक गुंता बोटांनी मोकळा करायचा, वाळलेला मळ नखानं चुरायचा आणि फुंकून टाकायचा. पोरीला मांडीवर घेऊन पाजता पाजताही एक हात लोकरीत चालूच. मोकळी झालेली लोकर मग ती लाकडी फणीनं विंचरायची, लेकीचे केस विंचरावेत तशी.

डाग मात्र हलेनात. एका सकाळी तिनं तोंड धुतलं नाही. तेवढं तांब्याभर पाणी वाचवलं, त्यात कडुलिंबाचा पाला उकळला आणि त्या पाण्यात चिंधी भिजवून, पिळून, डाग तेवढे टिपून काढले. झुंबरबाईनं पाहिलं. दुसऱ्या सकाळी तिनं आपल्या वाटचंही तांब्याभर पाणी गालिच्याशेजारी आणून ठेवलं.

वास राहिलाच. तेव्हा पुष्पावतीनं पोरीसाठी आणलेलं वेखंड कुटलं, खर्ड्याच्या वाण्याकडून खायचा सोडा आणला, दोन्ही मिसळून लोकरीच्या मुळापर्यंत चोळलं आणि गालिचा रात्रभर गुंडाळून ठेवला. सकाळी झटकला, उन्हात टाकला. संध्याकाळी नाक लावलं. बकरी होतीच, पण लांब गेली होती. पुन्हा सोडा, पुन्हा ऊन. असं करत करत एक दिवस तिनं लोकरीत तोंड खुपसलं, तर उन्हाचा वास आला. त्याच्या खाली कसलासा धूर होता, त्यांच्या चुलीचा नव्हे. कुठल्या लाकडाचा, कुठल्या शेणाचा, कुणास ठाऊक.

आता सोड्याची भुकटी तेवढी पुसून काढायची राहिली. बाहेर वारं सुटलं होतं, पुसावं तितकी माती बसत होती. म्हणून दुपारी तिनं गालिचा झाडलेल्या माजघरात अंथरला आणि पिल्लू आत येऊ नये म्हणून दार घट्ट लावून घेतलं. पुसायला सुती फडकं घेतलं तर लोकर त्याला चिकटायची. तेव्हा तिनं गहिनीनाथाचा फाटका टेरेलीनचा सदरा घेतला, गुडघ्यावर बसली आणि अंधारातच जोरजोरानं घासायला लागली. घासून झालं तसा सदरा उचलला.

बाभळीच्या वाळल्या शेंगा वाजाव्यात तसं काहीतरी तडतडलं. आणि लोकरीतून निळ्या ठिणग्यांची एक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेली.

आग लागली, असंच तिला आधी वाटलं. तिनं दोन्ही हात लोकरीवर थापले. लोकर थंड होती. धूर नाही, जळका वास नाही. ती हात तसेच ठेवून बसली. मग, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं, तिनं सदरा पुन्हा घासला आणि सावकाश उचलला. आता नीट दिसलं. बारीक बारीक उजेड, दाण्याएवढे, जन्मायचे आणि विझायचे. तिनं बोट पुढं केलं तर एक उजेड उडी मारून बोटावर आला आणि मुंगी चावल्यासारखा चावला. हातावरचे केस ताठ उभे राहिले होते. भीती होती, पण पळावंसं वाटत नव्हतं. देवळाच्या गाभाऱ्यात एकटीच असताना वाटतं, तसं काहीतरी वाटत होतं.

ती ओट्यावर आली. झुंबरबाई रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, निवडत बसली होती. पुष्पावती एवढंच म्हणाली, "आत्याबाई, जरा आत येता का?"

दार लावून तिनं पुन्हा तसंच केलं. अंधारात झुंबरबाईचा श्वास थांबल्याचं तिला कळलं. तडतड संपली तसा म्हातारीचा हात पुष्पावतीचा हात चाचपत आला आणि त्यानं तो धरला. लग्न होऊन आल्यापासून सासूनं तिचा हात असा कधी धरला नव्हता.

"आनखी येकदा," झुंबरबाई हळूच म्हणाली.

गोष्ट लपून राहिली नाही. शेजारची राहीबाई विस्तव मागायला आली आणि तिनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावरून सुटलेल्या बायका, डोक्यावर पाट्या आणि पदरात कामावर खायला मिळालेली सुकडी घेऊन, तशाच दारात आल्या. पाचसहा जणी आत घ्यायच्या, दार लावायचं, पुष्पावतीनं सदरा ओढायचा. दिवसभर माती वाहिलेल्या त्या बायका आत जाताना कुजबुजायच्या आणि बाहेर येताना गप्प असायच्या. एक जण रडली. का रडली ते तिनं सांगितलं नाही. राहीबाईनं कुंकवाची कोयरी आणली, गालिच्याला लावायला. म्हणाली, देवीचं काहीतरी असणार, देवऋष्याला बोलवावं.

झुंबरबाईनं तिचा हात धरला. "बकरी व्याली हुती ह्याच्यावर, राहीबाई. मुताचा वास घालवाया काडलाय. कुंकू लावू नगंस, डाग पडंल." मग ती म्हणाली, "नुसतं बघावं."

गहिनीनाथ आला तो भल्या सकाळी, चालत. पोरगा वाळला होता, गालांची कातडी उलली होती. पुष्पावतीला धास्ती होती की आता सासू काय सांगते. पण तो पाणी पिऊन टेकला न टेकला तोच झुंबरबाईनं सगळं सांगून टाकलं: कणगी, बकरी, वास आणि इकला म्हणून सांगायचं ठरवलेलं तेही. वहिनीनं कसा साफ केला ते तिनं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश सांगितलं. तो हसला. तिकडं तर बकऱ्या घरातच निजतात, त्या गालिच्यांवरच, म्हणाला.

मग दोघींनी त्याला माजघरात नेलं. दार लावलं. पुष्पावतीनं सदरा घासून उचलला. ठिणग्या पळाल्या. त्याला नवल वाटेल, असं दोघींना वाटलं होतं. तो मात्र नुसता हुंकारला.

"तिकडं ह्ये रोजचंच, वहिनी," तो अंधारात म्हणाला. "हवा कोरडी असती लई. अंगावरचा लोकरीचा रग काढला की असंच हुतं. सुबेदार म्हनले, वीज हाय ती. आभाळात असती तीच, लहान."

"आभाळातली वीज?" झुंबरबाई म्हणाली. "वरीसभर वर दिसली न्हाई ती."

मग गहिनीनाथच म्हणाला, "पहिल्या हिवाळ्यात मला ठावं न्हवतं. रग काढला आन् अंगावरनं उजेड पळाला. मला वाटलं, मी मेलो, आन् ह्यो माझा जीव चाललाय."

"मग? कुनाला हाक मारलीस?"

"कुनाला मारनार? शेजारच्या खाटंवर मद्रासकडचा पोरगा. त्याची भाषा मला येत न्हाई, माझी त्याला. त्यानंबी रग काढला, त्याच्याबी अंगावर तसंच. दोघं बघत बसलो येकमेकाकडं. सकाळपत्तुर."

झुंबरबाई खाली बसली. हात चाचपत तिनं लोकर शोधली आणि त्यात बोटं घातली. पोरगा लष्करात गेल्यापासून तिनं त्याला पगाराचं विचारलं होतं, लग्नाचं विचारलं होतं. आता ती विचारायला लागली की थंडी म्हणजे किती थंडी, पाणी गोठतं म्हणजे कसं दिसतं, जेवण कोण करतं, ही गालिचा विणणारी म्हातारी एकटीच असते का. गहिनीनाथही तिच्याजवळ बसला आणि सांगायला लागला. डोंगरांना झाडच नाही. रात्री चांदण्या इतक्या की ट्रकचे दिवे लावावेसे वाटत नाहीत. वाऱ्याला तिथं कसलाच वास नसतो.

बाहेर दुपार चढली होती. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवर पडली होती, ती हळूहळू सरकत होती. माजघराच्या कोपऱ्यात बांधलेल्या झोळीत पोर उठून कुरकुरायला लागली. पुष्पावतीनं दार उघडलं नाही. तिनं पोरीला उचलून आणलं आणि गालिच्यावर, दोघांच्या मधे ठेवलं. पोरीनं दोन्ही मुठींत लोकर धरली आणि गप्प झाली. गहिनीनाथ सांगत राहिला.