धोंडूचं विसर्जन

"वसुधा, चहा," अनंतराव म्हणाले आणि दोघं एकदम उठली. वसुधा आणि धोंडू.

"तू बस रे," वसुधा म्हणाली. धोंडू पुन्हा कोपऱ्यात अंथरलेल्या वर्तमानपत्रावर बसला. फरशीला माती लागू नये म्हणून ते अंथरलेलं असे.

धोंडू मातीचा होता. मुलुंड पूर्वेच्या 'मधुवंती' सोसायटीत एकही वॉचमन टिकेना, तेव्हा कमिटीने दहिसरच्या नदीकाठच्या खंडू मूर्तिकाराकडून शाडूचा एक गडी करवून घेतला. खंडूने त्याच्या कानात मंत्र सांगितला. सोसायटीतलं कोणीही काहीही सांगो, गडी ऐकणार. फक्त डोळ्यांची आखणी राहिली होती, ती करायला तो अनंतरावांच्या घरी आला होता.

"समोर बघणारे काढू की खाली?" खंडूने विचारलं होतं.

"खाली," सेक्रेटरी या नात्याने अनंतराव म्हणाले होते. "आणि विचार करणारा नको हां. विचार करायला मेंबर आहेत."

त्या दिवशीही सगळ्यांना चहा वसुधानेच दिला होता.

आज त्यांच्याच घरी भरलेली मिटिंग धोंडूवरच होती. काल तिसऱ्या मजल्यावरच्या शौनकच्या पार्किंगमध्ये राजारामभाऊंनी आपली नवी गाडी लावली. शौनक ऑफिसमधून आला, भडकला आणि म्हणाला, "धोंडू, फेक रे तो डबा नाल्यात." धोंडूने गाडी उचलली, नाल्यात टाकली आणि परत येऊन रिकामी जागा झाडून काढली.

"अजून सीटचं प्लास्टिकपण काढलं नव्हतं," राजारामभाऊ म्हणाले. हे ते सकाळपासून सगळ्यांना सांगत होते.

"भाऊ, माणूस रागात बोलतो ना यार," शौनक म्हणाला. "त्याने समजून घ्यायला नको?"

"म्हणजे चूक त्याची?" वसुधाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काकू, टेक्निकली त्याचीच."

"आज गाडी टाकली, उद्या माणूस टाकेल," अनंतराव म्हणाले. "विरघळवून टाकू. गणपती विसर्जनाची टाकी पार्किंगमध्ये पडलीच आहे. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी हात वर केले. ते बघून धोंडूनेही केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

वसुधाने गॅस बंद केला. विमा कचेरीत तिची सगळी नोकरी साहेबांचं "जरा एवढं बघा" ऐकण्यात गेली होती आणि घरी आल्यावर नवऱ्याचं हे. राग तिला यायचा. पण तो ती कुकरमध्ये ठेवायची. शिट्ट्या त्याच्याच व्हायच्या, लोकांना वाटायचं डाळ शिजतेय. आज मात्र ती चहा तसाच टाकून खाली उतरली.

खाली धोंडू सांगितल्याप्रमाणे पाइप लावून स्वतःची टाकी भरत होता.

"धोंडू, तुला काय वाटतं रे?"

"काय वाटून घेऊ?"

"तसं नव्हे. तुझ्या मनाने सांग."

"मन? आणतो," धोंडू म्हणाला. "कुठल्या दुकानात मिळेल? पिशवी द्या."

आता वसुधा त्याच्यावरही चिडली. "पळ इथून. खाडीकडे जा, मिठागरांत जा, कुठेही जा. पळ."

धोंडू पळाला. तेवढ्यात अनंतराव कमिटीला घेऊन जिन्यातून उतरले.

"थांब," ते म्हणाले. धोंडू गेटमध्ये थांबला.

"पळ," वसुधा म्हणाली.

"थांब."

"पळ म्हणते ना."

"वसुधा, लोक बघतायत. थांब रे."

धोंडूचा एक पाय रस्त्यावर होता, एक आत. तो थरथरायला लागला. कमरेपासून छातीपर्यंत एक तडा गेला आणि शाडूचे पोपडे गळून पडले. त्याने तशातच वाकून ते गोळा केले, कारण गेट स्वच्छ ठेवायला त्याला कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं.

वसुधाचा पुढचा शब्द तोंडातच राहिला. हुकमाची दोरी तीच होती. दुसरं टोक तिच्या हातात होतं, एवढाच फरक.

"धोंडू," ती हळू म्हणाली, "आता मी काही सांगणार नाही. माझं ऐकू नकोस. कुणाचंच ऐकू नकोस. आणि हेसुद्धा ऐकायचं की नाही, ते तू बघ."

"टाकीत बस," अनंतराव म्हणाले.

धोंडू हलला नाही.

"हँग झाला वाटतं," शौनक म्हणाला आणि त्याने मोबाइल काढला.

बऱ्याच वेळाने धोंडू चालू लागला. टाकी भरून वाहत होती, पाणी पार्किंगभर पसरलं होतं. त्याने नळ बंद केला. तो बंद करायला त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. पाइप गुंडाळून खुंटीला लावला. मग तो वसुधासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने मान मागे टाकली, इतकी मागे, की ते खाली बघायला काढलेले डोळे तिच्या डोळ्यांसमोर आले. थोडा वेळ तो तसाच बघत राहिला. नंतर टाकीत उतरला.

आज्ञा पाळली, की एवढी माणसं बघून त्याला कंटाळा आला, हे त्याने सांगितलं नाही.

पाणी दुधासारखं झालं. अनंतरावांचे हात आपोआप जुळले. "पुढच्या वर्षी लवकर या," ते म्हणाले आणि बाकीच्यांनीही म्हटलं. राजारामभाऊंनीसुद्धा.

"गप्प बसा," वसुधा म्हणाली. "विरघळला तरी हुकूम सोडताय त्याच्यावर? आणि तोही लवकर यायचा?"

"अगं, सवयीने आलं तोंडात."

"तेच म्हणतेय मी. सगळं सवयीनेच येतं तुमच्या तोंडात."

"तुझं डोकं फिरलंय," अनंतराव म्हणाले आणि लिफ्टकडे गेले. बाकीचेही पांगले.

गेटजवळ वॉचमनची खुर्ची होती. बस असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून धोंडू तिच्यावर कधी बसला नव्हता. वसुधाने ती टाकीशी ओढून आणली आणि बसली. माती हळूहळू तळाशी जात होती.

"नाही आलास तरी चालेल," ती पाण्याला म्हणाली.

वर गॅलरीचं दार सरकलं. "वसुधा, चहा."

वसुधाने टाकीकडे बघितलं. पाणी हललं नाही.

"वसुधा, चहा म्हटलं ना."

कुणीच उठलं नाही.